लोह-फॉलिकची गोळी: पाकिटापासून रक्तापर्यंत

परीक्षणाला घेतलेली वस्तू अगदी साधी आहे. गरोदर बाईला दवाखान्यातून मिळणारी, रोज एक घ्यायची गोळी. आत ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लोक हिला ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणतात आणि ते नाव चुकीचं नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो: औषध म्हणून उत्तम, वेष्टन सुमार, सोबतच्या सूचना त्याहून सुमार. आणि जिथे हातावर पोट आहे अशा वस्त्यांत या गोळीच्या अंगावर तिच्या कुवतीबाहेरचं काम टाकलं जातं, मग ती ‘लागू पडत नाही’ म्हणून बदनाम होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ३७ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असतो. संघटनेची शिफारस रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोहाची आहे, आणि जिथे ४० टक्के किंवा त्याहून जास्त गर्भवतींना रक्तक्षय आहे तिथे ६०चीच गोळी द्यावी असं ती सांगते. म्हणजे गरीब वस्त्यांत बहुतेक हीच गोळी हातात पडणार.

गोळीपुढचा हिशोब

एका गरोदरपणाला एकूण साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० ते ३५० बाळ आणि वार मिळून घेतात, ४५० ते ५०० आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींत जातं, आणि २००-२५० शरीरातून रोज झिजतं ते भरून काढण्यात. ही गरज सारखी वाटलेली नसते. पहिल्या तिमाहीत पाळी बंद झाल्यामुळे रोज एक मिलिग्रॅमही लागत नाही, शेवटच्या तिमाहीत मात्र रोज सातच्या आसपास शोषलं जावं लागतं. नुसत्या जेवणातून एवढं मिळणं अवघड. त्यातही जेवण मुख्यतः धान्याचं असेल आणि मांस-मासे क्वचित होत असतील, तर अशक्यच म्हणा.

आता गोळीकडून काय मिळतं ते पाहू. हिशोबाच्या सोयीसाठी धरू की ६० मिलिग्रॅमपैकी दहा टक्के, म्हणजे ६ मिलिग्रॅम, आतड्यातून रक्तात जातात. बाराव्या आठवड्याला सुरुवात केली तर चाळिसाव्यापर्यंत २८ आठवडे, १९६ दिवस. एकही गोळी चुकली नाही तर १,१७६ मिलिग्रॅम. हिशोब बसला. तीच बाई विसाव्या आठवड्याला पहिल्यांदा दवाखान्यात आली, तर उरतात १४० दिवस. त्यात तीनपैकी एक गोळी राहून गेली, तर पोटात गेल्या ९३ आणि रक्तात पोचलं ५६० मिलिग्रॅमच्या आसपास. गोळी तीच, कंपनी तीच, पण फायदा निम्म्यावर आला. खरा आकडा बाईगणिक बदलतो, कारण साठा जितका रिकामा तितकं शरीर जास्त ओढून घेतं. तरी हिशोबाचं तोंड कुठे आहे ते यावरून कळावं. नोंदवहीत ‘१८० गोळ्या दिल्या’ असं लिहिलेलं असतं. पोटात किती गेल्या याचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो.

लेबल वाचताना

पहिली खोच इथेच आहे. पाकिटावरचा मोठा आकडा लोहाचा असेलच असं नाही, बरेचदा तो क्षाराचा, म्हणजे लोह ज्या संयुगात बांधलेलं असतं त्याचा असतो. ६० मिलिग्रॅम शुद्ध लोहासाठी फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट ३०० मिलिग्रॅम लागतं, फेरस फ्युमरेट १८० आणि फेरस ग्लुकोनेट ५००. म्हणून ‘३०० मिलिग्रॅम’ लिहिलेल्या दोन गोळ्या शेजारी ठेवल्या तर एकीत ६० लोह असू शकतं आणि दुसरीत, ग्लुकोनेट असेल तर, जेमतेम ३६. सुकवलेलं फेरस सल्फेट असेल तर २०० मिलिग्रॅममध्येच ६५च्या आसपास लोह येतं. लेबलवर ‘मूलद्रव्य लोह’ किंवा ‘एलिमेंटल आयर्न’ अमुक मिलिग्रॅम असा शब्द शोधायचा. तो नसेल तर औषध देणाऱ्याला विचारायचं. पुरवठा बदलला की गोळीचा क्षारही बदलू शकतो. अशा वेळी ‘आधीचीच आहे, घ्या’ म्हणून पाकीट हातात कोंबणं बरोबर नाही.

फॉलिक ॲसिडबद्दल एक गैरसमज पाकिटावरच छापलेला असतो: ‘बाळाच्या मणक्यासाठी’. मज्जातंतूची नळी, म्हणजे जिच्यातून बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा घडतो ती, गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, तेव्हा बहुतेकींना पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. म्हणून त्या कामासाठी फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याच्या आधीपासून चालू हवं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू केलेली गोळी रक्त तयार व्हायला मदत करते, ते काम कमी मोलाचं नाही. पण निघून गेलेली गाडी ती परत आणत नाही.

वेष्टन

फेरस सल्फेटला दमट हवा सोसत नाही. गोळीवरचा लेप तडकला की आतलं लोह ऑक्सिजनशी संयोग पावून तपकिरी पडायला लागतं. लेपावर बारीक तडे, त्यांतून गंजासारखे डाग, आणि नाकाशी नेली की ओल्या लोखंडाचा वास. अशी गोळी जिभेवर टेकताच तोंडात नाणं धरल्यासारखी चव पसरते, आणि सकाळी आधीच ओकाऱ्या येणाऱ्या बाईला ती गिळवत नाही. गुळगुळीत, अखंड लेपाची गोळी चव न देता घशाखाली उतरते. एवढ्या एका फरकावर महिन्याच्या तीस गोळ्या घेतल्या जातात किंवा फळीवर पडून राहतात.

सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देणं हा सगळ्यात वाईट प्रकार. ओल लागते, तारीख कळत नाही, किती उरल्या ते समजत नाही. पत्र्याची स्ट्रिप सगळ्यात चांगली: प्रत्येक गोळी वेगळी बंद, आणि रिकामे कप्पे मोजले की हिशोब आपोआप. तपासणीला येताना रिकामी स्ट्रिप आणायला सांगितलं तर ‘घेता ना?’ हा प्रश्नच उरत नाही. त्या प्रश्नाला सगळ्या ‘हो’च म्हणतात. डबी असेल तर तिचं झाकण लहान मुलाला न उघडणारं हवं. त्याचं कारण शेवटी येतंच.

घ्यायची कशी

रिकाम्या पोटी लोह सगळ्यात जास्त शोषलं जातं: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास, साध्या पाण्याबरोबर. पुस्तकात हे ठीक आहे. प्रत्यक्षात रिकाम्या पोटी गोळी घेतली की काहींच्या पोटात ढवळतं, आणि दोन दिवस ढवळलं की तिसऱ्या दिवशी गोळी बंद. आमचा कल रात्रीकडे आहे. जेवून दोन तास झाले की झोपण्यापूर्वी घ्यावी, मळमळ झोपेत निघून जाते. तेही जमत नसेल तर थोड्या खाण्याबरोबर घ्यावी. शोषण कमी होतं हे खरं, पण अर्धवट शोषलेली गोळी ही न घेतलेल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. आंबट फळाचा रस सोबत असला तर थोडी मदत होते. रस नाही म्हणून गोळी टाळायचं काही कारण नाही.

सोबत काय घ्यायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. चहा आणि कॉफीतली द्रव्यं लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास दोन्ही नको. पित्तावरची औषधं पोटातलं आम्ल मारतात, आणि फेरस लोहाला ते आम्ल हवं असतं. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या वाट अडवतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर लागतं, कारण तिथे लोह थायरॉइडच्या औषधाचं शोषण बिघडवतं.

कॅल्शियमचा घोळ सगळ्यात जास्त दिसतो. ज्या समाजात खाण्यात कॅल्शियम कमी तिथे गरोदरपणातला रक्तदाब टाळायला दिवसाला दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम, विभागून, सुचवलेलं आहे. म्हणजे दिवसात तीन वेळा कॅल्शियम, एकदा लोह, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. एकाच पिशवीत दोन्ही पाकिटं देऊन ‘रोज घ्या’ म्हटलं तर बाई दोन्ही एकदम गिळणार, तिने तरी दुसरं काय करावं? उपाय सोपा आहे. कॅल्शियम दिवसाच्या जेवणांबरोबर, लोह रात्री झोपताना. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दिला तरी काम होतं.

गोळीचे दुष्परिणाम पाकिटावर बारीक अक्षरांत असतात, ते मोठ्याने सांगायला हवेत. शौचाला काळपट होतं, आणि तसं होणारच; ते न शोषलेलं लोह असतं, घाबरायचं कारण नाही. डांबरासारखं चिकट, दुर्गंधीचं होत असेल किंवा पोटात तीव्र दुखत असेल तर मात्र दाखवायचं. बद्धकोष्ठतेवर जास्त पाणी आणि चोथा असलेलं खाणं. पण पिण्याचं पाणी लांबून आणावं लागतं तिथे ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला फुकटचा ठरतो, हे सल्ला देणाऱ्याने ध्यानात ठेवावं. ‘गोळीने बाळ फार मोठं होईल आणि बाळंतपण अडेल’ ही भीती अनेक समाजांत आहे. तिला थेट उत्तर द्यावं: गोळी बाळाला अवाढव्य करत नाही, वजन फार कमी राहू नये म्हणून मदत करते.

एक विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आणि ‘लवकर रक्त वाढावं’ म्हणून मनाने सकाळ-संध्याकाळ तर नकोच. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणि ते पुढचे चोवीस तास आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं. दुसरी गोळी त्या दारावर आपटते, शोषली कमी जाते आणि त्रास मात्र पूर्ण देते. एक दिवसाआड गोळी दिल्यास दर गोळीमागे जास्त लोह शोषलं जातं असं दिसलं आहे, पण ते प्रयोग मुख्यतः गरोदर नसलेल्या स्त्रियांवरचे. गरोदरपणात रोजचा नेम डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलू नये. रोजची गोळी अजिबात सोसत नसेल आणि त्या भागात रक्तक्षय २० टक्क्यांहून कमी असेल, तर आठवड्याला १२० मिलिग्रॅम लोह आणि २.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड हा मान्य पर्याय आहे. गरीब वस्त्या त्या अटीत क्वचितच बसतात.

गोळीच्या कुवतीबाहेरचं

गोळी फक्त भर घालते. भांडं गळत असेल तर गळती ती बुजवत नाही, आणि कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत भांडं एकाच वेळी तीन-चार ठिकाणी गळत असतं.

पहिली गळती जंतांची. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यांच्या एका जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त खर्ची घालतो, दुसऱ्या जातीचा ०.१५ ते ०.२. या दुसऱ्या जातीचे पन्नास कृमी पोटात असले तर रोज साडेसात ते दहा मिलिलिटर रक्त गेलं. त्यातलं थोडं लोह परत शोषलं जातं हे धरलं तरी वर मांडलेल्या सहा मिलिग्रॅमांना मोठं खिंडार पडतं. उघड्यावर शौच, ओली माती आणि अनवाणी पाय एवढ्यावर हा कृमी जगतो. अळ्या पायाच्या कातडीतून शिरतात. जिथे हे जंत सर्रास आहेत तिथे पहिली तिमाही उलटल्यावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल ५०० मिलिग्रॅम, एकच मात्रा. पहिल्या तिमाहीत नाही. लोहाची गोळी सुरू करून जंतांचं औषध विसरणं ही वारंवार होणारी चूक.

दुसरी मलेरियाची. तिथे लोह शरीराबाहेर जात नाही; तांबड्या पेशी फुटतात, वारेत परजीवी साठतात, आणि सूज असल्यामुळे हेप्सिडिन वाढून लोहाचं शोषणही मंदावतं. मलेरियाच्या भागात औषधभारित मच्छरदाणी आणि, आफ्रिकेतल्या जास्त प्रादुर्भावाच्या भागांत, दुसऱ्या तिमाहीपासून किमान महिन्याच्या अंतराने सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनच्या निदान तीन मात्रा हे गोळीच्या जोडीला हवंच. तिथे फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅमचंच ठेवायचं. रोज ५ मिलिग्रॅमची मोठी गोळी दिली तर ती या मलेरियाच्या औषधाला निकामी करू शकते. कपाटात ५ मिलिग्रॅमचीच पडून असते म्हणून तीच दिली, असं होता कामा नये.

तिसरं कारण बाळंतपणांमधलं अंतर. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन, त्यावरून साठा कळतो. रक्तातल्या फेरिटिनचा दर एक मायक्रोग्रॅम प्रतिलिटर म्हणजे साठ्यातलं सुमारे ८ मिलिग्रॅम लोह. फेरिटिन १५ असलेल्या बाईकडे १२० मिलिग्रॅम गाठीला आहे, आणि पुढ्यात खर्च हजाराचा. बाळंतपणात रक्त गेलेलं, अंगावर दूध चालू, आणि वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिले तर साठा भरायला वेळच मिळत नाही. जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेआधी किमान २४ महिने जावेत असा सल्ला त्यासाठीच आहे. गर्भनिरोधनाची सोय हीसुद्धा रक्तक्षयावरची योजना आहे, पण आमच्या पाहण्यातल्या कुठल्याच गोळीच्या पाकिटावर तिचा उल्लेख नाही.

किशोरवयीन गर्भवतीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं, त्यामुळे तिच्यात आणि बाळात लोहाची ओढाताण. जुळं असेल तर गरज आणखी वर जाते. पाळीत फार रक्तस्राव होणाऱ्या मुली गरोदरपणात शिरतात त्याच रिकाम्या साठ्याने. घरात खाणं कमी असेल तेव्हा तिच्या ताटात काय पडतं, हेही धरा. धान्य-कडधान्यांतलं लोह त्यांच्यातल्याच फायटेट नावाच्या द्रव्यामुळे अडकतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ते काही प्रमाणात सुटतं आणि त्याला वेगळा खर्च नाही. माती, खडू किंवा बर्फ खावंसं वाटतं का, हे बाईला हळूच विचारावं. ती लाजून आपणहून सांगत नाही. ती ओढ लोह कमी असल्याची खूण असू शकते, आणि माती लोहाला बांधते वर जंतही देते.

मोजणी

गोळीचा गुण हिमोग्लोबिनवरून ठरवायचा, म्हणून मोजणी खोटी निघाली तर निकालही खोटा. पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली तो रक्तक्षय, दुसऱ्या तिमाहीत १०.५च्या खाली. मधली मर्यादा कमी आहे कारण रक्तातलं पाणी ४०-५० टक्के वाढतं आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी, म्हणून रक्त पातळ दिसतं. ७च्या खाली तीव्र. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहणं तीव्र रक्तक्षयात कामाला येतं, सौम्य त्यात हमखास सुटतो.

बोटाच्या थेंबावर चालणारं छोटं यंत्र चांगलं आहे, हात चांगला असेल तर. मधलं किंवा अनामिकेचं बोट घ्यायचं, ते कोमट हवं. गार बोटातून रक्त येत नाही आणि मग ते दाबलं जातं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. टोच बोटाच्या शेंड्यावर न देता गराच्या कडेला. पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा आपणहून फुगू द्यायचा. बोट पिळलं की पेशींबरोबर ऊतींतलं पाणी मिसळतं आणि ११चे १० होतात. पट्टीत बुडबुडा राहिला तर आकडा भलताच येतो, पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तरी तेच. रंगपट्टीचा तक्ता दोन-दोन ग्रॅमच्या टप्प्यांनी जातो: ४, ६, ८, १०, १२, १४. तो दिवसाच्या उजेडात, त्याच्याच कागदावर, वेळ सांभाळून वाचला तर चाळणीपुरता ठीक. औषधाचा गुण मोजायला तो नको. हिमोग्लोबिन मोजायच्या जुन्या पद्धतीत, साहलीच्या नळीत, रक्तात आम्ल घालून दहा मिनिटं थांबायचं असतं, रांग मोठी असली की ती दहा मिनिटं दोनावर येतात आणि सगळ्यांचंच रक्त कमी निघतं. उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांचा आणि धूम्रपान करणाऱ्यांचा आकडा मुळातच फुगलेला असतो, त्यातून वजावट करावी लागते.

एका थेंबाच्या अर्ध्या ग्रॅमच्या फरकावर ‘गोळीने फरक पडला’ किंवा ‘पडला नाही’ म्हणू नये.

आकडा हलत नाही तेव्हा

रक्तक्षय निघाला की मात्रा वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आकडा पूर्ववत होईपर्यंत रोज १२० मिलिग्रॅम लोह आहे, काही देशांतले तज्ज्ञ ४० ते ८० मिलिग्रॅम एकाच वेळी, सकाळी, एवढ्यावर भागवतात. हेप्सिडिनचा विचार करता दुसऱ्या मताला वजन आहे. मात्रा कुठलीही असो, चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वर यायला हवं.

आलं नाही तर आधी रिकाम्या स्ट्रिपा मोजाव्यात. मग चहा, कॅल्शियम, पित्ताची औषधं विचारावीत. तेही ठीक असेल तर निदानावर शंका घ्यावी. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या वाहक बाईच्या तांबड्या पेशी लहान असतात पण संख्येने भरपूर. पेशीचं आकारमान (अहवालातलं MCV) भागिले पेशींची संख्या (RBC, दशलक्षांत) हा भागाकार १३च्या खाली आला तर त्या दिशेने तपासणी करावी, आणि नवऱ्याचीही. तिला लोह कमी असेल तरच लोह. ब-१२ची कमतरता असेल तर फॉलिक ॲसिड रक्ताचं चित्र सुधारल्यासारखं दाखवतं, पण नसांची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या, जीभ लाल-गुळगुळीत, खाण्यात मांस-अंडी-दूध जवळजवळ नाही, अशी बाई असेल तर ब-१२ तपासल्याशिवाय नुसती लोह-फॉलिक वाढवत बसू नये. लोह आणि ब-१२ दोन्ही कमी असतील तर पेशींचा सरासरी आकार चक्क सामान्य येतो आणि अहवाल पाहणारा फसतो. सिकलसेल, क्षयरोग, एचआयव्ही, मूत्रपिंडाचा आजार, हेही यादीत हवेत. फेरिटिन १५च्या खाली असेल तर लोह नक्की कमी, पण अंगात जंतुसंसर्ग असताना ते खोटं वाढतं, म्हणून सामान्य आकडा पाहून निर्धास्त होऊ नये.

पर्याय

‘पोटाला त्रास नाही’ असं मिरवणाऱ्या हळूहळू विरघळणाऱ्या किंवा आतड्यात फुटणाऱ्या गोळ्या आम्ही शिफारशीत घेणार नाही. लोह शोषलं जातं आतड्याच्या पहिल्या वितीत. या गोळ्या ती वीत ओलांडून पुढे जाऊन फुटतात. त्रास होत नाही, कारण कामही फारसं होत नाही. पातळ औषध गिळायला सोपं, पण दात काळे करतं आणि चमचा घरोघरचा वेगळा. सोबत मापाचं झाकण असेल तरच घ्यावं.

खरा प्रतिस्पर्धी एकच आहे: बहुसूक्ष्मपोषक गोळी. पंधरा जीवनसत्त्वं-खनिजं, त्यांत ३० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. कमी वजनाची बाळं रोखण्यात ती नुसत्या लोह-फॉलिकपेक्षा सरस ठरते. २०२१मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. ब-१२ही तीत आहे, वर सांगितलेल्या बाईला त्याचा उपयोग. पण लोह निम्मं. रक्तक्षय आधीच झालेल्या बाईला तिच्यावर जादा लोह द्यावंच लागतं, आणि हे न सांगता एक पाकीट काढून दुसरं ठेवलं तर नुकसान होईल.

शिरेतून लोह हा गोळीचा पर्याय दुसऱ्या तिमाहीपासून, पहिल्या तिमाहीत नाही. गोळी खरोखर सोसत नाही, घेऊनही आकडा हलत नाही, किंवा बाळंतपण जवळ आलंय आणि आकडा खूप खाली आहे, अशांसाठी. किती लागेल त्याचं सूत्र: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. पन्नास किलोची बाई, हिमोग्लोबिन ८, न्यायचं ११वर: ५० × ३ × २.४ = ३६०, अधिक ५००, म्हणजे ८६० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० देतात, म्हणजे पाच खेपा. रोजची मजुरी बुडवून, लांबून येणारी बाई तिसऱ्या खेपेनंतर दिसत नाही. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज वजनाच्या मर्यादेत एका बैठकीत १,००० मिलिग्रॅमपर्यंत जातं, म्हणून गरीब वस्तीला तेच सोयीचं, महाग असलं तरी. दोन्हींत ॲलर्जीच्या झटक्याची औषधं हाताशी हवीत आणि नंतर अर्धा तास बाई नजरेसमोर. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही, म्हणून टोचल्या जागी दुखतंय म्हणाली की तत्काळ थांबवायचं. कुल्ल्यावर लोहाचं इंजेक्शन मात्र आता सोडून द्यावं.

आकडा ७च्या खाली, बसल्या जागी धाप, किंवा छातीत धडधड असेल तर गोळीचं परीक्षण बाजूला ठेवून रक्त चढवण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचं. अशा बाईला बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी ते जिवावर बेततं.

बाळंतपणानंतर

बाळ झालं की गोळी थांबते, इथेच सगळ्यात जास्त वाया जातं. जिथे गरोदरपणातला रक्तक्षय २० टक्के किंवा जास्त आहे तिथे पुढे ६ ते १२ आठवडे लोह चालू ठेवायचं असतं. रक्तक्षय झालेला असेल तर आकडा सुधारल्यावरही साधारण तीन महिने, साठा भरेपर्यंत. नाळ लगेच न चिमटता किमान एक मिनिट थांबलं तर वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याच्या पहिल्या काही महिन्यांच्या लोहाची तरतूद होते. त्याला ना गोळी लागते, ना पैसा.

या काळात घरात मोठं मूल असतं, आणि रंगीत, गुळगुळीत लेपाची गोळी त्याला खाऊ वाटते. शरीराच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम लोहाने विषबाधेची लक्षणं सुरू होतात, ६०च्या वर जीव धोक्यात जातो. दहा किलोच्या मुलाला ६० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या, म्हणजे एक स्ट्रिप, एवढ्यात ती मर्यादा गाठली जाते. आधी उलट्या, जुलाब, कधी रक्ताचे. मग काही तास मूल शांत होतं आणि घरच्यांना वाटतं निभावलं. त्यानंतर ते कोसळू शकतं. म्हणून मूल बरं दिसत असलं तरी तसंच उचलून रुग्णालयात न्यायचं, सोबत पाकीट घ्यायचं, किती गोळ्या कमी आहेत ते मोजून सांगायचं. पाकीट उंचावर, बंद डब्यात ठेवायचं आणि मुलासमोर गोळी घ्यायची नाही.